ऑइल पंप बदलताना : दाब मोजण्यापासून पहिल्या स्टार्टपर्यंत

आमच्या गाडीचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला, तो फक्त एका विशिष्ट स्थितीत. इंजिन पूर्ण तापलेले असावे, गाडी उभी असावी आणि इंजिन मंद गतीवर चालू असावे, अशा वेळीच तो दिसत असे. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझत असे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर त्याचा मागमूस नसे. मी गाडी त्याच जागी बंद केली, काही मिनिटे थांबून डिपस्टिक तपासली, तर तेलाची पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये, अगदी योग्य जागी होती. पुष्कळ जण येथेच निश्चिंत होतात आणि पुढे निघतात. परंतु हा दिवा तेलाच्या पातळीशी जोडलेला नसून दाबाशी जोडलेला असतो. साधारणपणे तेलाचा दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की इंजिनावर बसवलेला प्रेशर स्विच तो पेटवतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा दाब नुकताच कमी होऊ लागलेला नसतो, तो जवळजवळ संपत आलेला असतो. त्यामुळे गाडी चालवत गॅरेजपर्यंत न नेता ती ओढून नेण्याची व्यवस्था केली.

पुढे काय केले ते सांगण्याआधी पंपाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे निदान त्यावरच उभे राहिले. ऑइल पंप स्वतः दाब निर्माण करत नाही; तो चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतील, तेल खेचून पुढे ढकलतो, म्हणजे केवळ प्रवाह देतो. ते तेल क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मेन बेअरिंगांतून, पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगांतून आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या बैठकांतून बारीक फटींवाटे बाहेर पडते आणि या फटींनी केलेल्या अडवणुकीतून दाब उभा राहतो. म्हणून दाब कमी होण्याची कारणे दोन टोकांना असू शकतात : एक तर पंप पुरेसे तेल देत नाही, किंवा बेअरिंगे झिजून फटी इतक्या रुंद झाल्या आहेत की दिलेले तेल अडत नाही. तापलेल्या इंजिनाच्या मंद गतीवर या दोन्ही दोषांची लक्षणे सारखीच दिसतात. त्या वेळी पंप सर्वांत हळू फिरत असतो आणि तेल सर्वांत पातळ झालेले असते. ५डब्ल्यू-३० प्रतीच्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असावी लागते. तेच तेल ४० अंशांना साधारण सहापट दाट असते. सकाळी दिवा का लागत नव्हता, याचे उत्तर या फरकात आहे.

मला सल्ले दोन मिळाले. अधिक दाट प्रतीचे तेल भरा, दिवा बंद होईल, हा पहिला. आणि सरळ पंप बदलून टाका, हा दुसरा. पहिला सल्ला मी अजिबात मान्य केला नाही. दाट तेलाने दिवा बंद होतो हे खरे, पण झीज जिथल्या तिथे राहते आणि तिची सूचना देणारी एकमेव खूण मात्र झाकली जाते. शिवाय थंड इंजिनात दाट तेल कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते आणि पंप ज्या जाळीतून तेल खेचतो ती अर्धवट तुंबलेली असेल तर ते आणखीच कष्टाने खेचले जाते. दुसरा सल्ला चुकीचा नव्हता, पण मोजमापाशिवाय दिलेला होता. बेअरिंगे झिजलेली असतील तर नवा पंपही तो दाब परत आणू शकत नाही, आणि मग सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते.

म्हणून प्रथम दाब मोजणारे गेज लावायचे ठरवले. ज्यांच्याकडे काम केले ते अनुभवी मेकॅनिक या बाबतीत माझ्याइतकेच आग्रही निघाले. प्रेशर स्विच काढून त्याच्या आट्यांमध्ये यांत्रिक गेजची नळी बसवली. स्विच बिघडल्यामुळे विनाकारण दिवा लागणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, त्यामुळे हा टप्पा कुणीही वगळू नये. एवढ्या एका मापाने कधी कधी सगळा प्रश्न तिथेच मिटतो. आमच्या बाबतीत तो मिटला नाही. थंड इंजिनाच्या मंद गतीवर दाब ३ बारच्या जवळ होता. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापवले, तेव्हा मंद गतीवर काटा ०.४ बारवर उतरला. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर नेल्यावर तो १.८ बारपर्यंतच चढला, आणि तिथेही स्थिर न राहता थरथरत होता. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या गतीला किमान ३ बार अपेक्षित होते.

काट्याची ती थरथर मला महत्त्वाची वाटली. केवळ बेअरिंगे झिजली असती तर दाब कमी असला तरी बऱ्यापैकी स्थिर राहिला असता. गती वाढवल्यावर काटा थरथरतो तेव्हा पंपाला खेचण्यासाठी पुरेसे तेल मिळत नसावे किंवा तेलाबरोबर हवा आत जात असावी, अशी शंका घेण्यास जागा असते. त्याचप्रमाणे थंड स्थितीत दाब व्यवस्थित उभा राहत होता, म्हणून दाब फार वाढला की उघडून जादा तेल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकलेला नसावा, हेही कळले. खालून खोल खट-खट असा आवाज नव्हता, त्यामुळे बेअरिंगांविषयी आशा होती. पण आशेवर काम पुढे नेता येत नाही, म्हणून चेंबर काढून दोन्ही शक्यता तपासायच्या ठरल्या.

तेल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळून घेतले. त्यात चकाकणारा चुरा जवळजवळ नव्हता. बेअरिंगांचा तांबूस थर उघडा पडला असता तर तसे कण कापडावर दिसले असते. चेंबरचे बोल्ट सैल केल्यावर तो सहज सुटला नाही, कारण आधी कधीतरी कुणीतरी तो बसवताना सीलंट फार जाड थरात लावलेले होते. कडेने हळूहळू पातळ पाते सरकवून तो मोकळा करावा लागला. खाली उतरवल्यावर जे दिसले त्याने अर्धे उत्तर मिळाले : आतल्या कडेने सीलंट पिळून बाहेर आले होते आणि त्याचे रबरी धागे सुटून तेलात तरंगत पंपाच्या जाळीवर जाऊन बसले होते. त्या धाग्यांत काळा, कडक कार्बन अडकून जाळीचा निम्म्याहून अधिक भाग बंद झाला होता. जाळीच्या नळीच्या तोंडावरील ओ-रिंग, म्हणजे हवाबंद ठेवणारी रबरी कडी, कडक होऊन चपटी झाली होती. नखाने दाबली तरी दबत नव्हती. तेथूनच हवा आत खेचली जात असावी.

इंजिनातील बाकीचे सगळे भाग फिल्टरमधून गेलेले तेल वापरतात. पंपाला मात्र तो लाभ मिळत नाही, कारण फिल्टर पंपाच्या पुढे असतो आणि पंपाच्या मागे असते ती फक्त ही जाळी. जाळीची भोके मोठी असतात. त्यांतून कार्बनचे बारीक खडे, जुन्या गॅस्केटचे तुकडे आणि धातूचा चुरा सहज पार होतो व प्रथम पंपाच्या रोटरांमध्येच येतो. इंजिन स्वच्छ राखण्याविषयी आपण जे काही ऐकतो त्याचा पहिला लाभार्थी पंप असतो आणि दुर्लक्षाची पहिली किंमतही तोच मोजतो, असे माझे या कामानंतरचे स्पष्ट मत आहे.

चेंबर उघडाच होता, तेव्हा बेअरिंगे पाहून घेणे सोपे होते. एका वेळी बेअरिंगची एकच कॅप काढून क्रँकच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिगेजचा मेणासारखा बारीक तंतू ठेवायचा, कॅप नेमून दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायची, पुन्हा काढायची आणि तंतू किती रुंद चपटा झाला आहे ते पट्टीशी ताडून पाहायचे, अशी ही पद्धत. या दरम्यान क्रँक जराही फिरता कामा नये. मेन आणि बिग एंड या दोन्ही ठिकाणी मापे ०.०४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत आली आणि बेअरिंगांच्या पृष्ठभागावर ओरखडे नव्हते. हा क्षण मोठ्या दिलाशाचा होता, कारण याच जागी वाईट माप आले असते तर पंपाचे काम इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीत बदलले असते.

आमच्या इंजिनात पंप पुढच्या बाजूला, थेट क्रँकशाफ्टवर बसतो. काही इंजिनांत तो चेंबरच्या आत साखळीने फिरतो, तर काही जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टवरून दांड्याने चालतो. तशा रचनांत काम बरेच सोपे असते. येथे मात्र बेल्ट, क्रँक पुली, टायमिंगचे झाकण, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर हे सगळे आधी काढावे लागले. टायमिंगच्या खुणा जुळवून, पांढऱ्या रंगाने पक्क्या करूनच बेल्ट उतरवला. या भागाचे वर्णन कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो की पंपापर्यंत पोहोचण्यासाठी जे जे उतरवावे लागते त्यातील रबरी व झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील, त्याच वेळी नव्या घालणे शहाणपणाचे असते.

पंप बाकावर ठेवून त्याचे मागचे झाकण उघडले. हा जेरोटर पद्धतीचा पंप होता : आतल्या रोटरला बाहेरच्या रोटरपेक्षा एक दात कमी, दोघांचे केंद्र थोडे बाजूला सरकलेले, त्यामुळे फिरताना दातांमधील पोकळी एका बाजूला वाढते व तेल खेचते, दुसऱ्या बाजूला आक्रसते व तेल ढकलते. झाकणाच्या आतल्या सपाट पृष्ठभागावर वर्तुळाकार चरे उमटलेले होते आणि त्यांवरून बोट फिरवले तर ते स्पष्ट जाणवत होते. फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, तीन मापे घेतली. बाहेरचा रोटर आणि पंपाचे घर यांमधील फट ०.२२ मिलिमीटर होती, मर्यादा ०.३१. दातांच्या टोकांमधील फटही मर्यादेत होती. परंतु घरावर सरळ पट्टी आडवी ठेवून रोटरांच्या वरची, म्हणजे झाकणाकडची फट मोजली तेव्हा ती ०.१८ भरली, मर्यादा होती ०.१५.

हा जास्तीचा ०.०३ मिलिमीटर डोळ्यांना दिसणारही नाही, आणि एवढ्याने काय बिघडते असे कुणालाही वाटेल. नव्या पंपात हीच फट आम्ही नंतर मोजली तेव्हा ०.०६ होती. पातळ फटीतून होणारी गळती फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते; फट तिप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच दाट तेलाला गळती सत्तावीसपट होते. याचा अर्थ मंद गतीवर रोटर जे थोडेसे तेल पुढे ढकलत होते त्यातील मोठा भाग झाकणाखालून पुन्हा खेचण्याच्या बाजूलाच परतत होता. गती वाढली की ढकलले जाणारे तेल वाढते, पण गळती त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून दिवा विझत असे. एका मापाने दिव्याची लक्षणे अशी उलगडली तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर, म्हणजे सरकता दट्ट्या, काढून पाहिला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि आपल्या छिद्रात सरकताना तो एका जागी किंचित अडत होता. हाच व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी उघडा अडकला असता तर दाब क्षणात नाहीसा झाला असता. बंद अडकला असता तर थंड इंजिनात दाब बेसुमार वाढून फिल्टरचे सील फुटण्याची वेळ आली असती. केवळ रोटर बदलून जुने घर वापरण्याचा पर्याय उपलब्ध होता, पण झाकण व प्लंजरचे छिद्र दोन्ही खराब झालेले असताना तो मला पटला नाही. घर, रोटर, झाकण आणि व्हॉल्व्ह असा संपूर्ण पंप घेतला. जाळीची नळीही धुऊन वापरण्याऐवजी नवी घेतली, कारण तिच्या दुहेरी पत्र्यात अडकलेला कार्बन पूर्ण निघाला आहे याची खात्री बाहेरून करता येत नाही.

नवा पंप खोक्यातून काढून तसाच बसवू नये. आम्ही त्याचेही झाकण उघडले, आत संरक्षक तेलाला चिकटलेली धूळ किंवा कातकामाचा चुरा नाही ना ते पाहिले, रोटर धुऊन पुसले, त्यांच्यावरील खुणा योग्य बाजूला आहेत याची खात्री केली आणि तिन्ही फटी मोजल्या. झाकणाचे स्क्रू नेमून दिलेल्या टॉर्कने आवळल्यावर आतला रोटर हाताने सगळीकडे सारखा, कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. त्यानंतर पंपाच्या तोंडातून स्वच्छ इंजिन ऑइल ओतून रोटर हाताने फिरवत राहिलो, तेव्हा दुसऱ्या तोंडातून तेल बाहेर येऊ लागले. कोरडा पंप हवेला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे खालून तेल खेचून घेणे त्याला अवघड जाते. आधीच ओले झालेले रोटर फटी तेलाने बंद करतात आणि पहिल्याच फेऱ्यांत खेच निर्माण होते. काही जण या जागी ग्रीस भरतात. विरघळणार नाही असे ग्रीस वर जाऊन बारीक वाटा तुंबवू शकते, म्हणून आम्ही तेलच वापरले.

बसवताना दोन जागा नाजूक होत्या. आतल्या रोटरच्या सपाट कडा क्रँकशाफ्टच्या सपाट कडांशी जुळल्याशिवाय पंप आत जात नाही. तो बोल्टने ओढून बसवण्याचा प्रयत्न केला तर घर तडकते. तसेच नव्या ऑइल सीलचे ओठ क्रँकच्या टोकावरील खाचेवरून जाताना कापले जाण्याची भीती असते, म्हणून त्यांना तेल लावून, खाचेवर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा गुंडाळून सील वरून सरकवले. जाळीच्या नळीची नवी ओ-रिंग तेलात बुडवूनच घातली.

चेंबरच्या सीलंटविषयी मी मुद्दाम अधिक काळजी घेतली, कारण आधीच्या बिघाडाचे मूळ तिथेच होते. दोन्ही पृष्ठभाग जुन्या थराचा कणही न राहू देता साफ केले, शेवटी तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसले आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीची एकच अखंड रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढली. जाड थराने गळती थांबते हा समज घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात आवळल्यावर जास्तीचे सीलंट बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही पिळून येते, आणि आतले कुणाला दिसत नाही. बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे करत आवळले. टायमिंग बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला व खुणा पुन्हा जुळल्याची खात्री केली. सीलंट सुकण्यासाठी पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत तेल भरले नाही.

पहिला स्टार्ट हा या सगळ्या कामाचा सर्वांत जोखमीचा भाग आहे, असे मला वाटते. पंप उघडल्यामुळे तेलाच्या वाटा रिकाम्या झालेल्या असतात, आणि त्या स्थितीत इंजिन पेटवले तर दाब उभा राहीपर्यंतच्या थोड्या सेकंदांत बेअरिंगांवर जी झीज होते ती नंतर कशानेही भरून येत नाही. म्हणून नवा फिल्टर तेलाने भरून लावला, सर्व स्पार्क प्लग काढले, इंधन पंपाचा फ्यूज काढला आणि इग्निशन कॉइलचे कनेक्शन सोडले. प्लग काढल्यामुळे कॉम्प्रेशन राहत नाही, स्टार्टरवर ताण येत नाही आणि बेअरिंगांवर ज्वलनाचा भारही पडत नाही. गेज जागेवरच ठेवले होते. स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवायचा आणि मधे त्याला थंड होऊ द्यायचे, असे करत गेलो. सुरुवातीला काटा शून्यावरच होता. मग तो एकदम हलला आणि १ बारच्या वर जाऊन स्थिरावला. त्यानंतरही थोडे फिरवले, तेल कॅमशाफ्टपर्यंत पोहोचल्याचे भरणीच्या तोंडातून पाहून घेतले, आणि मगच प्लग बसवून इंजिन सुरू केले. व्हॉल्व्हना ढकलणाऱ्या टॅपेटांचा आवाज काही क्षण आला आणि थांबला.

पहिली काही मिनिटे इंजिन मंद गतीवरच ठेवले, ॲक्सिलरेटर दाबला नाही. मेकॅनिक खाली टॉर्च धरून चेंबरच्या कडा आणि पुढचे सील पाहत होते. इंजिन आधीइतकेच तापवून पुन्हा मापे घेतली, कारण तुलना त्याच स्थितीत केली तरच तिला अर्थ असतो : मंद गतीवर १.३ बार, ३,००० फेऱ्यांवर ३.४ बार, आणि काटा जागेवर निश्चल. इंजिन बंद करून तेल खाली उतरू दिले, पातळी पाहिली, फिल्टरमध्ये व वाटांमध्ये मुरलेल्या तेलाइतकी भर घातली. गेज काढून जागी नवा प्रेशर स्विच लावला.

जुन्या इंजिनात सुटा झालेला कार्बन एकदा चेंबर धुतल्याने संपत नाही. तो हेडमध्ये आणि तेल परतण्याच्या वाटांमध्येही बसलेला असतो. तो एकदम सोडवण्यासाठी तीव्र फ्लशिंग द्रव वापरण्याचा मोह मी टाळला, कारण एका वेळी सुटलेला सगळा गाळ थेट नव्या जाळीवरच आला असता. त्याऐवजी ठरलेल्या प्रतीचेच तेल भरून पहिला बदल नेहमीच्या अंतराच्या बराच आधी केला, आणि इंजिनातील वायू परत खेचून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला, कारण तो तुंबला की ओलावा व इंधनाची वाफ तेलातच राहून गाळ वेगाने तयार होतो. त्या वेळी काढलेला फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडल्या. घड्यांमध्ये बारीक काळी भुकटी होती आणि जुन्या सीलंटचे एक-दोन धागे होते. चुंबक फिरवून पाहिला, त्याला काही चिकटले नाही. स्विच काढून गेज पुन्हा लावले, तापलेल्या इंजिनाचा मंद गतीवरील दाब १.३ बारच होता, आणि तो आकडा किलोमीटरच्या नोंदीसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवला. पुढच्या प्रत्येक तेलबदलाला तेच माप त्याच तापमानाला घ्यायचे ठरवले आहे, म्हणजे पुढे दाब उतरू लागलाच तर तो दिवा लागण्याच्या बराच आधी लक्षात येईल.